एफुआबाईंच्या वेण्या आणि आमची समिती

कोणत्याही कंपनीची प्रतिष्ठा अखेर कर्मचाऱ्यांच्या केसांवर अवलंबून असते, हे आमच्या लंडनजवळच्या स्लाऊच्या ऑफिसला एका सोमवारी कळलं. त्या दिवशी ट्रेनिंग विभागाच्या एफुआ क्वार्टे नव्या बारीक वेण्या घालून आल्या. बाई जन्मल्या इथेच इंग्लंडात, रेडिंगला, आईवडील घानाचे. दुपारपर्यंत अकरा सहकाऱ्यांनी वेण्या चाचपून पाहिल्या. (नऊ जणांनी आधी "मे आय?" विचारलं. उत्तरासाठी कोणी थांबलं नाही.) मिस्टर हॅरॉप या आमच्या साहेबांनी मात्र हात लावला नाही. "शुक्रवारी क्लायंटसमोर जरा प्रोफेशनल केसांचं कोणी पाठवू," एवढंच ते म्हणाले.

ते प्रेझेंटेशन बाईंनी सहा महिने खपून केलं होतं. त्यांनी लेखी तक्रार केली.

कंपनीने तत्परतेने समिती नेमली. काळी स्त्री पक्षपात करील म्हणून एकही घेतली नाही. (ऑफिसात होती एकच, तीही तक्रारदार.) अध्यक्षपद मला मिळालं. मला पूर्ण टक्कल असल्याने या विषयात माझा हितसंबंध नव्हता.

तीन बैठकांत आम्ही प्रोफेशनल केसांची व्याख्या केली: न फुगणारे, न हलणारे आणि मिस्टर हॅरॉप यांच्या परिचयाचे.

गुरुवारी मिस्टर हॅरॉप यांच्यासमक्ष बाईंना बोलावलं. "तुमचा अनुभव मोकळेपणाने सांगा," मी म्हणालो, "दोन मिनिटांत."

बाई उठल्या, माझ्यामागे आल्या आणि टकलावरून सावकाश हात फिरवला.

"अय्या, किती गुळगुळीत! मुरलीधर, हे ओरिजिनल आहे? धुता कसं? कस्तुरी, तूही बघ ना हात लावून!"

सचिव कस्तुरीने लावला. वर फोटोही काढला.

माझे कान तापले. (इतिवृत्तात नोंद: 'अध्यक्षांना अनुभव आला.')

"तर उद्या कोण बोलणार?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच," मी कसाबसा म्हणालो.

मिस्टर हॅरॉप हरकत घेणार, तोच बाईंनी त्यांच्या भांगाकडे नुसतं पाहिलं. साहेबांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "अर्थातच," ते म्हणाले.

शुक्रवारी बाई त्याच वेण्या घालून तासभर बोलल्या. क्लायंटने चौदाव्या स्लाइडवर एकच प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि काम आम्हाला दिलं.

त्या स्लाइडवर काय होतं, हे सुजाण वाचकांपैकी अजून कोणी विचारलेलं नाही. वेण्या खऱ्या होत्या का, एवढंच मघापासून विचारायचं आहे ना?