वाचनालयाच्या पडद्यावर योगिनी

"अगं, डाव्या हातचा मळ आहे तो!" रवी फोनवर योगिनीला म्हणाला. काय तो रुबाब!

जेल रोडच्या वाचनालयात नवे कॉम्प्युटर आले होते. ते चालवणारी लिनक्स ही फुकटातली प्रणाली त्यांत घालायचं काम अध्यक्षांनी, म्हणजे योगिनीच्याच बाबांनी, सावळीरामकाकांनी, रवीवर सोपवलं होतं. काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, एकदम कडक माणूस! आधी त्यांच्यावर छाप पाडायची, मग लग्नाचा विषय काढायचा, असं रवी-योगिनीचं गुपचूप ठरलेलं. काकांना कशाचाच पत्ता नव्हता.

रवीने आपल्या लॅपटॉपचीच इमेज फाईल, म्हणजे सगळ्याची जशीच्या तशी नक्कल, बनवली. तिच्यात त्याच्या पडद्यावरचा फोटोही आला. सोमेश्वरच्या धबधब्यावर कणीस खाणारी योगिनी, आणि खाली बदामात 'माझी होणारी बायको'!

"अरे, तो काढ आधी!" योगिनी किंचाळली.

"काढतो गं! इमेज फाईल म्हणजे बंद करंजी. रिकाम्या फोल्डरमध्ये उघडायची, सारण बदलायचं, परत मिटायची!"

पण उत्साहाच्या भरात गड्याने पासवर्डच चुकवला. करंजी उघडलीच नाही! खाली आलेली सूचना वाचतोय कोण? फोल्डर रिकामं दिसलं. "वा! जुना फोटो गेलासुद्धा!" म्हणत त्याने वाचनालयाचा फोटो तिथे टाकला आणि ती न उघडलेली फाईल साऱ्या कॉम्प्युटरांत भरली.

"एकदा चालवून बघितलंस?"

"गरजच नाही!"

उद्घाटनाला ही गर्दी! काकांनी नारळ फोडला, सगळे कॉम्प्युटर एकदम सुरू झाले आणि जिकडेतिकडे योगिनीच योगिनी! कणीस, बदाम, सगळं!

"अगं बाई, ही तर आपली योगी!" योगिनीची आई, यशोदाकाकू, ओरडल्या.

"दिसतंय मला," काका गरजले. "कुणाचा हा उद्योग?"

"काका, माझाच! सारण बाहेरच राहिलं हो!" रवीने डोळे मिटून घेतले. "पण लिहिलंय ते खरंय. मला योगिनीशी लग्न करायचंय!"

"बाबा, मलाही!" योगिनी पुढे झाली.

काकांनी चष्मा सारखा करून बदामातलं परत एकदा वाचलं.

"सगळ्या जेल रोडने वाचलं, आता नाही कसा म्हणू? मुलगी देतो!"

रवीला आभाळ ठेंगणं झालं! तो पाया पडायला वाकला.

"पण कॉम्प्युटरला हात लावू नकोस," काका म्हणाले. "ते काम दुसऱ्याला देतो!"