शेवटचा हमाल

मन्मथअप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी ज्वारीच्या पोत्यापाशी जातात. वाकतात, हुंगतात, मगच खुर्चीवर टेकतात. लोक विचारतात, "जेवलात का?" आमचे हे शेजारी विचारतात, "जवारीत गोळ्या टाकल्या का?"

जन्मभर कॉलेजात जीवरसायन शिकवलं, आता आमची गल्ली सापडलीय. सायटोक्रोम ऑक्सिडेज हे त्यांचं लाडकं एन्झाइम.

"ताई, आपल्या पेशीपेशीत धान्याचा मोंढा हाय. पोती हातोहात पुढं जायलेत. शेवटचा हमाल, म्हंजे हे एन्झाइम, ती ऑक्सिजनच्या गाडीत टाकतो. किडीच्या गोळीचा वायू त्या हमालालाच खाली बसवतो. गाडी दारात उभी, भरनार कोन? मोंढा बंद!"

हे मी भाजी निवडताना ऐकलंय, कपडे वाळत घालताना ऐकलंय, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. डोकं उठायचं माझं!

त्या दुपारी ते आले तेव्हा मी आधीच वैतागलेली. आतल्या खोलीत दार लावून झोपलेल्या सासूबाईंना मळमळत होतं, जीव घाबरत होता. पित्त असणार म्हणून मी सोडा कालवला होता.

अप्पा दारातच थबकले. "लसनाचा वास कशाचा?"

"चटणीचा असेल."

"चटनी केली का?"

नव्हती केली. गोळ्यांच्या वायूला लसणासारखा वास येतो, हे अप्पांनी शंभरदा सांगितलेलं. "अप्पा, ह्यांनी सकाळी ज्वारीत गोळ्या टाकल्या. तिथंच, आतल्या खोलीत..."

"भायेर! सगळे भायेर!" सोड्याचा पेला त्यांनी माझ्या हातातून हिसकावून अंगणात भिरकावला. खिडक्या उघडल्या आणि सत्तरीच्या त्या माणसाने सासूबाईंना उचलून रिक्षात घातलं.

डॉक्टर म्हणाले, "ह्यावर उतारा नाही. ऑक्सिजन, सलाईन लावू. वाट बघू."

अप्पा सासूबाईंच्या श्वासावर नजर लावून पुटपुटत होते, "ऊठ रं हमाला. ऊठ गड्या." एरवी मी हसले असते. त्या दिवशी मीही तेच म्हणायला लागले.

संध्याकाळी सासूबाईंनी चहा मागितला. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." तसे अप्पा बाहेर बाकावर जाऊन ढसाढसा रडायला लागले.

"आमच्या हिलाबी असंच झालतं, ताई. वर्गात हाच हमाल शिकवून घरी आलो, आन पित्त म्हनून तिला सोडा पाजला. गोळ्याबी मीच टाकल्या होत्या."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

सासूबाई घरी आल्या त्या दिवशी अप्पा उंबऱ्याबाहेरच घुटमळत राहिले. मीच नव्या, बिनगोळ्यांच्या पोत्याचं तोंड सोडलं.

"या अप्पा, हुंगा. आणि आज जेवूनच जा."