उदाराम कापगते परदेशात पडले

फोनवर इंद्रकुमार आधी हसला, आणि तिथेच नीतू सावध झाली. गोंदियाचा हा टूरवाला विनाकारण हसणाऱ्यांतला नव्हता.

"दीदी, घबराने की बात नहीं है. बाबूजी जरा गिर गए."

"पडले? कुठे?"

"तालाब पे. सगळे बसमध्ये बसले, बाबूजी तलावाच्या पाळीवरून खाली उतरले. बोले, तुडुम देखना है."

तुडुम म्हणजे तलावाचं पाणी शेताकडे सोडायची मोरी. परदेशात गेलेली माणसं समुद्र पाहतात, देवळं पाहतात. उदाराम कापगते पडले तलाव बांधणारे कोहळी. गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला. श्रीलंकेत एवढा जुना तलाव दिसल्यावर, पाणी कुठून सुटतं ते पाहिल्याशिवाय ते बसमध्ये चढणं शक्यच नव्हतं.

"लागलं का?"

"लगा नहीं. पण घामानं पूर्ण भिजले अन् बोलून नाही राहिले. अस्पताल में हैं. शुगर एकदम डाउन."

"बाबांना शुगरच नाही, इंद्रकुमारजी."

"मैंने भी यही बोला! डॉक्टर सलाईन से चढ़ाता है, फिर उतर जाती है. पूछ रहा है, कोणत्या गोळ्या घेतात?"

"फक्त बीपीची."

"वो जेब में मिली. उससे ऐसा नहीं होता, बोलता है. दीदी, जरा सोचो. जल्दी."

फोन कटला. नीतू ओट्यावर बसून राहिली. गेल्या वर्षी आई, जमुनाबाई, गेल्यापासून बाबा सडक अर्जुनीच्या या घरात पाहुण्यासारखे वावरत होते. जरा मन रमेल म्हणून तिनेच सहलीत त्यांचं नाव घातलं, तिनेच मागे लागून त्यांचा पासपोर्ट काढून घेतला. स्वतःचा काढायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. आता जायचं म्हटलं तरी नागपूरच्या पुढे तिला जाता येणार नव्हतं.

शेजारच्या बकाराम काकांनी कुंपणापलीकडून सगळं ऐकलं होतं. जमुनाबाईंच्या वेळी सगळी व्यवस्था त्यांनीच पाहिली होती, आणि तेव्हापासून असल्या प्रसंगी आपल्यालाच पुढे व्हावं लागतं अशी त्यांची समजूत झाली होती. नीतू पाणी पिऊन बाहेर आली तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या, माणसं बसलेली, आणि काकू सगळ्यांना चहा देत असलेली.

"कायले पाठवलं वं पोरी एवढ्या दूर?" काका बशी फुंकत म्हणाले. "इथं जवळ दरेकसाले नेलं असतं. डोंगर आहे, झाडी आहे, रेल्वेचं टेसनही आहे."

"काका..."

"बरं, विमानातून आनतेत कसे गा? पेटीत का?"

"काका, बाबा जिवंत आहेत!"

"मी कुठी नाही म्हनलो? इचारून ठेवाले काय जाते?"

"गुमान बसा जी तुम्ही," काकू म्हणाली.

फोन पुन्हा वाजला. या वेळी इंद्रकुमार हसला नाही.

"दीदी, फिर उतर गई. आँख नहीं खोल रहे. डॉक्टर पूछता है, घरात आणखी कोणाला शुगर आहे का?"

"नाही. आम्ही दोघंच..." नीतू थांबली. "थांबा. फोन ठेवू नका."

आईची शुगरच्या औषधांची पिशवी दारामागच्या खुंटीला होती. जमुनाबाई दवाखान्यातून परत आल्याच नाहीत, त्या दिवसापासून ती तिथेच लटकत होती. नीतू रोज झाडताना ती वाचवून झाडायची. आज तिने ती काढली, आणि हाताला ती हलकी लागली. आत दोन-तीन भरलेली पाकिटं उरली होती, बाकी सगळी रिकामी. रिकामं एकही चुरगळलेलं नव्हतं. सगळी नीट घडी घालून ठेवलेली.

तिने गोळीचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. इंद्रकुमारने ते तिथल्या गाईडला सांगितलं, गाईडने डॉक्टरला. पलीकडे कोणीतरी मोठ्याने काही बोललं, पावलं धावली, आणि मग काहीच ऐकू येईना. अंगणात काकांची बशी हातातच राहिली.

बऱ्याच वेळाने मोबाईलच्या पडद्यावर बाबांचा चेहरा आला. पांढरा फटक, पण डोळे उघडे. शेजारी नर्स चमचा घेऊन उभी होती आणि बाबांनी ओठ घट्ट मिटले होते.

"दीदी, मुँह से खाना जरूरी है," इंद्रकुमार रडकुंडीला आला होता. "नहीं तो फिर उतरेगी. मानते ही नहीं!"

"बाबा, तोंड उघडा."

"साखर आहे त्यात. माही गोळी चालू आहे. पथ्य पाळा लागते."

"गोळी तुमची नाही, मायची आहे!"

"मालूम आहे मले." उदाराम दम घेत म्हणाले. "चांगल्या गोळ्या. अर्ध्यावर सोडून गेली ते. फेकाच्या कायले? घरी भात खाऊन गोळी घेत होतो, तं काही होत नव्हतं. इथं सकाळी नारळाच्या दुधातला भात देतेत. मले वाटलं, गोड असंल. नाही खाल्लो, नुसती गोळी घेतलो."

नीतूला खूप काही बोलायचं होतं. पण पिशवी तिनेही फेकली नव्हती.

"खाऊन घ्या, बाबा. उरलेल्या गोळ्यांचं मी पाहते."

"फेकशील."

"नाही फेकत."

"मंग का करशील?"

नर्सचा चमचा तसाच अधांतरी राहिला. उदारामांनी डोळे मिटून विचार केला.

"बकारामले दे. त्याले शुगर निघाली ना दिवाळीले. त्यानंच सांगलन मले."

अंगणातली सगळी तोंडं काकांकडे वळली. काकू किटली घेऊन जागच्या जागी उभी राहिली.

"काहून जी?"

"तुले सांगनारच होतो..." काका म्हणाले.

काकूने त्यांच्या हातातली बशी काढून घेतली. मग कप. मग गुडघ्यावर ठेवलेलं बिस्कीट.

"डॉक्टरला विचारून देईन, बाबा," नीतू घाईने म्हणाली.

"त्याले बोलू दे. बकाराम, घेशील काय?" आवाज कापरा होता, पण हट्ट शाबूत होता.

काकांनी काकूकडे पाहिलं, मग मोबाईलकडे. "घेतो, दादा."

"वाया नाही घालवशील?"

"नाही, दादा."

"आन् पथ्य?"

"ते मी पाहतो, भाऊजी," काकू म्हणाली.

तेव्हा कुठे उदारामांनी नर्सकडे मान वळवली आणि आ केला.