दुइशो आजोबांच्या हातात झारी

साग्यनबेककाका आधी जाहीर करत आणि मग, ज्याच्या जिवावर जाहीर केलं, त्याला विचारत. त्या दिवशीही तेच झालं. भावाच्या वर्षाच्या जेवणाला जमलेल्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर ते उभे राहिले, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आज जेवणावरून उठताना दुआ मी देणार नाही. मौलवीसाहेबही देणार नाहीत. आज दुआ माझा थोरला भाऊ असनकुल देईल. स्वतःच्या तोंडानं."

असनकुलला जाऊन वर्ष झालं होतं. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मौलवीसाहेबांनी तोंडाशी नेलेला मांसाचा तुकडा ताटात परत ठेवला.

"टीव्हीवर," काकांनी खुलासा केला. मग कोपऱ्यात तारा जोडत बसलेल्या पुतण्याकडे झुकून हळूच विचारलं, "देईल ना रे?"

"देईल," जोल्दोश म्हणाला.

ते काही अगदीच खोटं नव्हतं. बिश्केकला शिकत असताना जोल्दोश आणि त्याचा मित्र मेलिस या दोघांनी 'सात खिंडी' नावाचा एक संगणकावरचा खेळ बनवला होता. त्यात एक वीर खिंडी ओलांडत हिंडतो, राक्षस मारतो आणि वाटेतल्या प्रत्येक गावात चहा पितो. मारामारी कमी आणि चहा फार, अशी तेव्हा लोकांची तक्रार होती. शेवटच्या गावात दुइशो आजोबा नावाचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा जेवण झाल्यावर वीराला दुआ देतो. त्या म्हाताऱ्याला आवाज दिला होता असनकुलनं.

आणि असनकुलचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. फोनवर तो माणूस दोनच शब्द बोलायचा, 'हं' आणि 'ठेव'. लग्नाकार्यात कुणी कॅमेरा रोखला की तो बकरा बघायला म्हणून परसात निघून जायचा. जोल्दोशची आई, साइराकान आपा, वर्षभर एकच घोकत होती. "चेहरा भिंतीवर टांगलाय रे. पण आवाज विसरत चाललेय मी. परवा स्वप्नात आला, तर तोंड हलवत होता नुसतं."

खेळाच्या तबकडीतून तेवढा आवाज बाहेर काढावा, तर तेही जमेना. बाजारातल्या चोरांनी खेळातले आवाज पळवू नयेत म्हणून मेलिसनं ते अशा युक्तीनं बांधून ठेवले होते की ते खेळ खेळूनच ऐकता येत. चोर कुणी आले नाहीत. युक्ती मात्र मेलिस स्वतःच विसरला आणि अमेरिकेत ट्रक चालवायला गेला. तेव्हा आता एकच उपाय होता. खेळ लावायचा, शेवटच्या गावात जायचं, जेवायला बसायचं आणि दुआ ऐकायची. जोल्दोशनं आदल्या आठवड्यात तबकडी शोधली, खेळ चालू करून पाहिला, पडद्यावर गावात छान ऊन पडलेलं दिसलं आणि त्यानं समाधानानं बंद केला. गावात माणसं काय करताहेत हे बघायचं त्याला सुचलं नाही.

तर जेवणं उरकत आली. जोल्दोशची बायको बुरूल चहा ओतत फिरत होती. धांदलीत तिनं काकांचा पेला काठोकाठ भरला.

"सूनबाई, हाकलतेस की काय आम्हाला?" काका म्हणाले. "अर्धा भरावा. अर्धा म्हणजे बसा, अजून ओतायचंय. काठोकाठ म्हणजे उठा आणि चालू लागा. तुझ्या माहेरी शिकवलं नाही वाटतं?"

"माहेरी पाहुणे वेळेवर उठतात," बुरूल म्हणाली आणि पुढच्या पेल्याकडे वळली.

टीव्ही लागला. खेळातल्या तंबूत गावकरी गोल करून बसले होते. अजून हात धुवायचे होते. आणि पांढऱ्या दाढीचे दुइशो आजोबा, ज्यांनी सगळ्यांत वरच्या, मानाच्या जागी बसायचं, ते खांद्यावर टॉवेल टाकून, एका हातात तस्त नि दुसऱ्या हातात झारी घेऊन, कमरेत वाकून एकेकाच्या हातावर पाणी घालत होते.



"हे कोण?" मौलवीसाहेबांनी विचारलं.

"आमचे बाबा," जोल्दोश म्हणाला.

"पाणी का घालताहेत?"

"बघतो."

बघेपर्यंत खेळातलं जेवण पुढे सरकलं. मानाच्या जागी गिरणीवाला बसला होता. त्याच्यापुढे थोरल्याच्या मानाचं मेंढीचं डोकं ठेवलं गेलं. दुइशो आजोबा दारापाशी चपलांच्या ढिगाजवळ बसले. मग त्यांनी किटली उचलली, वीरापुढे वाकले आणि बोलले.

"चहा बरा झालाय ना? अजून ओतू का?"

आवाज असनकुलचा होता. तोच घोगरा, शब्द चावून बोलणारा. साइराकान आपानं हातातला पेला खाली ठेवला.

"जोल्दोश," ती म्हणाली. "ते परत लाव."

"थांब आपा, आधी दुरुस्त करतो."

काकांचा चेहरा लालबुंद झाला होता. "व्याह्यांसमोर माझ्या भावाला पोऱ्या केलास? ज्या माणसानं उभ्या जन्मात स्वतःचा पेला उचलून बाजूला ठेवला नाही, तो गिरणीवाल्याला चहा ओततोय?"

तेवढ्यात गिरणीवाल्यानं तळवे वर केले आणि दुआ सुरू केली. गिरणीवाल्याचा आवाज विशीतल्या मेलिसचा होता, अजून पोरसवदा. सवयीनं अख्ख्या खोलीनं हात वर केले.

"हात खाली!" काका ओरडले. "ही नव्हे!"

हात खाली आले. आता खरी पंचाईत झाली. दुआ झाल्याशिवाय जेवणावरून उठता येत नाही. दुआ असनकुलच देणार असं काकांनी चारचौघांत सांगितलेलं, त्यामुळे दुसऱ्या कुणी द्यावी तर काकांचा शब्द पडतो. म्हणजे असनकुल मानाच्या जागी बसेपर्यंत सगळ्या पाहुण्यांनी बसून राहायचं. मौलवीसाहेबांना आणखी एका घरी जायचं होतं. ते घड्याळाकडे न बघता घड्याळाकडे बघत होते.

जोल्दोशनं खेळ बंद करून परत लावला. आजोबा झारी घेऊन हजर. मग त्यानं डोकं चालवलं. वीराकरवी आजोबांची झारी विकत घेतली. त्याबरोबर खेळातलं हात धुणं थांबलं. हात न धुता कोण जेवणार? सगळे गावकरी हात पुढे करून बसून राहिले आणि आजोबा रिकाम्या हातांनी एकेकापुढे जाऊन माफी मागू लागले.

"झारी दे रे त्यांना," एक आत्या कळवळून म्हणाली. "बघवत नाही."

झारी परत दिली. मग वीराला आजोबांच्या मागे उभं करून जोल्दोशनं त्यांना ढकलत ढकलत मानाच्या जागेपर्यंत नेलं. आजोबा तिथं टेकले मात्र, आणि सगळा गाव एका सुरात ओरडला, "लहानांनी दारापाशी बसावं!" आजोबा निमूट उठून चपलांजवळ जाऊन बसले.

"लहान?" काका म्हणाले. "दाढी दिसत नाही का मेल्यांना?"

"दाढी ते बघतच नाहीत, काका."

"मग बघतात काय?"

याचं उत्तर जोल्दोशलाही हवं होतं. या गावाचा नियम त्यानंच घातला होता, आणि तो आपल्या सगळ्या घरांत असतो तोच होता. थोरला वर बसतो आणि दुआ देतो. धाकटा दारापाशी बसतो, पाणी घालतो, चहा ओततो. कोण कधी थोरला ठरेल नि कोण धाकटा, ते सांगता येत नाही, म्हणून आवाज देणाऱ्या प्रत्येकाकडून सगळीच वाक्यं म्हणवून घेतली होती. बाबांना ते चहाचं वाक्य म्हणायला अर्धा दिवस लागला होता. शेवटी त्यांनी आपाला शेजारी दूध आणायला पिटाळलं, दार लावून घेतलं आणि मग म्हटलं.

"जोल्दोश," आपा पुन्हा म्हणाली, "ते चहाचं—"

"आपा, दोन मिनिटं. डोकं चालू दे माझं."

"वहिनी, तुम्ही काळजी करू नका," काका म्हणाले. "आज त्याला वर बसवल्याशिवाय मी इथून हलत नाही." ही बातमी ऐकून मौलवीसाहेबांनी मांडी बदलली.

तेवढ्यात पडद्यावर काहीतरी घडू लागलं. गावातल्या बायका दोरा घेऊन तंबूबाहेर आल्या. काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पिळलेला दोरा. त्यांनी तो दुइशो आजोबांच्या पायांत बांधला. दूरवर गावकरी शर्यतीसाठी रांगेत उभे राहिले. मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांत असा दोरा बांधतात आणि धावत येऊन जो पहिला पोचेल तो दोरा कापतो, म्हणजे पोराची वाट मोकळी होते. आमच्या काराकोल गावात असा एक माणूस नसेल ज्याच्या पायांतला दोरा कुणी कापला नाही.

पडद्यावरचा एक पहिलवान धावत आला आणि त्यानं दोरा कापला. आजोबा दाढी सांभाळत चार पावलं चालले. गावानं टाळ्या वाजवल्या. खोलीतल्या एका मावशीनं सवयीनं दोन चॉकलेटं उधळली आणि मग ओशाळून वेचून घेतली.

"अरेच्चा!" जोल्दोश उठून उभा राहिला. "हे त्यांना तान्हं समजताहेत!"

त्यानं मेलिसला फोन लावला. मेलिस कुठल्याशा सपाट मैदानातून बटाटे घेऊन चालला होता.

"मेलिस, आपल्या खेळात माणसांची वयं कुठून यायची?"

"संगणकाच्या तारखेवरून. तूच म्हणाला होतास, आपल्याबरोबर तीही म्हातारी झाली पाहिजेत, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल."

"आणि दुइशो आजोबा तेव्हा किती वर्षांचे होते?"

"ब्याऐंशी."

जोल्दोशनं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे आता एकशे तीन. आपण वयाला आकडे किती ठेवले होते?"

पलीकडे मेलिसनं ट्रक कडेला घेतला. मग मेलिस म्हणाला, "दोन. मी तीन म्हणत होतो. तुझे बाबा मागे उभे होते. म्हणाले, दोन पुरेत, शंभरीपुढचं मागणं म्हणजे देवाच्या दारात हट्ट धरणं."

"म्हणजे पहिला एक गळाला."

"गळाला. तीन वर्षांचे झाले तुझे बाबा. सांभाळ त्यांना, झारी जड असते."

उपाय अगदीच सोपा निघाला. जोल्दोशनं संगणकाची तारीख एकवीस वर्षं मागे नेली आणि खेळ परत लावला. दुइशो आजोबा ब्याऐंशीचे झाले. तंबूत शिरताच सगळा गाव उठून उभा राहिला. गिरणीवाला खाली सरकला. आजोबा संथपणे वर जाऊन बसले, भिंतीला टेकले, आणि समोर ठेवलेल्या मेंढीच्या डोक्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू हे ब्याऐंशी वर्षं रोजच येतं.

"हा माझा भाऊ!" काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

जेवण झालं. आजोबांनी तळवे वर केले. असनकुलच्या घोगऱ्या आवाजात दुआ खोलीभर पसरली. "तुमची वाट उजळ असो. चुलीतला विस्तव विझू नये. दारात पाहुणा असावा आणि ताटात भाकरी. म्हातारपण गोड जावो." सगळ्यांनी हात वर करून चेहऱ्यावरून फिरवले. "ओमीन." मौलवीसाहेबांनीही फिरवले आणि ओमीनचा न संपतो तोच बूट शोधायला निघाले. दारात काकांना म्हणाले, "आवाज माणसाचा होता, दुआ चांगली होती. हरकत नाही. पुढच्या वेळी मात्र अगोदर लावून बघत जा."

पाहुणे गेले. काका सगळ्यांच्या शेवटी, अभिमानानं गेले. बुरूल ताटं गोळा करू लागली. जोल्दोश खूष होता. बाबा मानाच्या जागी बसले, घराची अब्रू राहिली आणि वर्षभर आई जे मागत होती ते तिला मिळालं. तो आपाजवळ जाऊन बसला.

"ऐकलंस ना आपा? अगदी बाबाच!"

"ऐकलं," आपा म्हणाली. "बाबाच. लग्नाच्या दिवसापासून वर बसलेलाच पाहिलाय मी त्याला. वरून बोलणार आणि सगळ्यांशी बोलणार." तिनं रुमालाची गाठ सैल केली. "दुपारपासून सांगतेय, कुणी ऐकेल तर शपथ. त्याला परत लहान कर."

"अगं, ते चुकलं होतं!"

"चुकलेलंच लाव."

जोल्दोश परत संगणकाशी जाऊन बसला. मग त्यानं तारीख आजची केली आणि खेळ लावला. तंबूत दुइशो आजोबा खांद्यावर टॉवेल टाकून झारीनं सगळ्यांच्या हातांवर पाणी घालत गेले. आपा धीर धरून बसली. जेवण सरलं. आजोबांनी किटली उचलली, पडद्याच्या अगदी जवळ आले आणि वाकले.

"चहा बरा झालाय ना? अजून ओतू का?"

आपानं पुढ्यातला रिकामा पेला उचलला आणि पडद्याकडे धरला.

"ओत," ती म्हणाली. "पण अर्धाच हं."