कस्तुरीचं नाक आणि माझी काळी खिडकी

"अगं अमिता, काय रंगरंगोटी करायची ती कर, पण आधी जुन्या सेटिंगची एक कॉपी ठेव!" ऑफिसला निघताना बूट घालता घालता निहार म्हणाला.

"मी इंजिनिअर आहे, निहार! तू आधी लेकीच्या दुपट्यांची घडी घालायला शीक, मग मला कॉपी शिकव!" असं म्हणून मी नवऱ्याच्या मागे दार लावलं.

आता हे सगळं कशापायी? तर टर्मिनलपायी! टर्मिनल म्हणजे आम्हा आयटीवाल्यांची काळी खिडकी. तिथे माउस चालत नाही. लुकलुकणाऱ्या ओळीपुढे आज्ञा टाइप करायची, की कॉम्प्युटर मुकाट्याने ऐकतो. घरात ऐकणारं तेवढं एकच आहे, म्हणून माझा तिच्यावर जीव!

पण मागच्या आठवड्यात आमच्या टीममधल्या कस्तुरीने ऑनलाइन मीटिंगमध्ये तिची खिडकी दाखवली. अहाहा! लहरियाच्या ओढणीसारखे रंगांचे पट्टे, कोपऱ्यात इवलंसं हिरवं पान, एक अक्षर दाबलं की अख्खी आज्ञा आपोआप पूर्ण! सगळी टीम "वाह, वाह!" करत होती. आमचे साहेब गोपीनाथजी तर मान डोलवून डोलवून थकले. आणि मी माझ्या खिडकीकडे बघितलं. रेशन दुकानाची पाटी बरी!

असा काही जळफळाट झाला म्हणून सांगू! कारण नुसत्या रंगांचं असतं तर मी गिळलं असतं. नवा प्रोग्रॅम ग्राहकाच्या सर्व्हरवर चढवायचं काम, म्हणजे रिलीज, ते माझं होतं. मी बाळंतपणाच्या रजेवर गेले आणि ते कस्तुरीच्या ओटीत पडलं. आता गोपीनाथजी म्हणाले होते, "अमिताजी, सोमवारी सगळ्यांसमोर रिलीज तुम्ही करून दाखवा. नीट झालं तर काम परत तुमच्याकडे."

मग काय! लेक ईश्वरी दुपारची झोपली, की मी खिडकीला नटवायला बसायचे. पहिल्या दिवशी सुंदर चित्रं लावली, तर जिकडे तिकडे रिकामे चौकोनच चौकोन! कळलं, की त्या चित्रांसाठी फॉन्टही वेगळा लागतो. तो घातला. मग रंग भरले. गुलाबी पाटीवर गुलाबी अक्षरं. माझी मलाच दिसेनात! शेवटी कशीबशी मोरपंखी छटा जमली.

तरी मन भरेना. कस्तुरीकडे पान आहे, माझ्याकडे काय? आणि मला सुचलं! ईश्वरीच्या पाळण्यावर कॅमेरा आहेच. तो खिडकीला जोडला. बाळ झोपलेलं असलं, की ओळीच्या सुरुवातीला चंद्र. जागं झालं, की सूर्य. आणि रडलं, की लॅपटॉपने मोठ्यांदा सांगायचं, "ईश्वरी रडतेय!" आहे का हे कस्तुरीकडे? कुठून असणार? तिला बाळच नाही!

शेवटचा मुकुटमणी म्हणजे स्वागताची ओळ. खिडकी उघडली, की हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत झळकायची: "आज कस्तुरीचं नाक कापायचंच!"

बिनधास्त मराठीत लिहिली. जयपुरात मराठी म्हणजे आमच्या घरची कडी-कुलूप भाषा. भाजीवाल्या भैयासमोर मी निहारला सरळ म्हणते, "लुटतोय हा, चल पुढे," आणि भैया हसून कोथिंबीर देतो. टीममध्ये बाकी सगळे इथलेच. राहता राहिली कस्तुरी. ती नावाला मराठी, पण वडील फौजेत, जन्म इथला. "ताई, मी जेवण खाल्ली" असं बोलणारी मुलगी माझं मराठी काय वाचणार?

सोमवार उजाडला. ईश्वरीला न्हाऊ-माखू घालून झोपवलं. तिच्या छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना ते बघितलं. परत एकदा बघितलं. मग लॅपटॉपसमोर बसले, स्क्रीन सगळ्यांना दाखवली आणि ऐटीत खिडकी उघडली.

चंद्र उगवला. मोरपंखी रंग फाकले. आणि त्याखाली पंजाएवढी अक्षरं!

"कस्तुरी... चं... नाक..." टेस्टिंगमधले भगवानजी चष्मा सावरत मोठ्यांदा वाचू लागले, "का-पा-यचं-च! अरे भई, किसकी नाक काटनी है?"

अरे देवा! ऐकून मराठी कळत नसेल त्यांना, पण लिपी? लिपी तर देवनागरी! पहिलीपासून हिंदी वाचणारी माणसं ती! भाषेला कुलूप लावलं आणि खिडकी उघडी टाकली मी!

"ताई," कस्तुरी हळूच म्हणाली, "माझी नाक?"

मी झटक्यात खिडकी बंद केली आणि नवी उघडली. नव्या खिडकीनेही स्वागत केलं: "आज कस्तुरीचं नाक कापायचंच!" परत बंद, परत नवी. परत नाक!

"अमिताजी, एकदा कळलं आम्हाला," गोपीनाथजी हिंदीत म्हणाले, आणि सगळी टीम खदाखदा हसली. ते हसू माझ्या स्पीकरमधून पाळण्यापर्यंत पोचलं. चंद्राचा सूर्य झाला.

"ईश्वरी रडतेय!" लॅपटॉप बँकेतल्या टोकनवाल्या बाईच्या आवाजात गरजला. त्या आवाजाला दचकून ईश्वरीने टाहो फोडला. टाहो ऐकून लॅपटॉप पुन्हा, "ईश्वरी रडतेय!" ईश्वरी आणखी जोरात. लॅपटॉप आणखी उत्साहात! मी आज्ञा टाइप करावी, तर ओळ कॅमेऱ्याची वाट बघत ढिम्म! रंग पुसायला गेले, तर सगळे शॉर्टकट गेले. जुनं परत आणावं म्हटलं, तर कॉपी... हो, तीच ती कॉपी!

"मी करते, सर," कस्तुरी म्हणाली आणि तिने तिच्या घरून टिचकी मारावी तसं रिलीज चढवून टाकलं. मी ईश्वरीला खांद्यावर थोपटत बघत राहिले. नाक कुणाचं कापलं गेलं ते काही सांगायला नको.

संध्याकाळी तिचाच फोन. मी आधीच सुरू केलं, "कस्तुरी, अगं ते नाक म्हणजे..."

"पप्पांना विचारला मी अर्थ," ती म्हणाली. "ते खूप हसले. ताई, तुमची जुनी सेटिंग पाठवू?"

"माझी? तुझ्याकडे?"

"मतलब, सुट्टीवर जाताना तुम्हीच दिली होती ना? मी तीच वापरते. शॉर्टकट सगळे तुमचेच. मी फक्त रंग लावला. आणि ते पान."

म्हणजे आठवडाभर मी माझ्याच सेटिंगवर जळत होते! बरं, हे कळल्यावर जळणं थांबावं की नाही? नाही थांबलं. एवढं साधं पान मला का सुचलं नाही?

गोपीनाथजींनी निकाल दिला: रिलीज दोघींनी मिळून, इथल्याच झालाना भागातल्या ऑफिसात, शेजारी बसून करायचं. तशी आज बसले आहे. खिडकी कस्तुरीनेच दुरुस्त करून दिली आहे. बोलणारी बाई गेली, चंद्र-सूर्य तेवढे राहिले. निहार सुट्टी टाकून ईश्वरीपाशी आहे.

आणि सकाळपासून नुसता चंद्र! नऊ महिन्यांची माझी पोर एवढी शांत? निहारसुद्धा फोन उचलत नाही. कस्तुरी म्हणते, "ताई, दोघं झोपले असतील." तिला काय कळतंय?

तेव्हा वाचकहो, जयपूरच्या वैशाली नगरात कुणी राहत असाल, तर आमच्याकडे जरा डोकावून याल का? तळमजला, गॅलरीत दुपटी वाळत घातली आहेत. बेल मात्र वाजवू नका, ईश्वरी उठेल. खिडकीतूनच बघा, निहार ठीक आहे ना. आणि दुपट्यांच्या घड्या घातल्यात का, तेही!