नागनाथअप्पांची लाइन टेस्ट

आमच्या कॉलनीतली बेचाळीस घरं रोज सकाळी एकमेकांना 'हॅलो' म्हणत. प्रेमाने नव्हे, नागनाथअप्पांच्या धाकाने. साडेसहाला मोबाइलच्या ग्रुपवर त्यांचा एक शब्द यायचा: 'टेस्टिंग'. सातच्या आत प्रत्येक घराने 'हॅलो' टाकायचं. नाही टाकलं, तर सव्वासातला अप्पा स्वतः फाटकात हजर.

"काय झालं? लाइन डेड होती तुमची."

गालावर दाढीचा फेस घेऊन मी त्यांना दोनदा सांगितलं आहे की लाइन चालू आहे आणि मीही.

अप्पा मूळचे हदगावकडचे. टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात दोऱ्या, आणि लातूरचं बोलणं नांदेडला जोडून द्यायचं. पुढे आपोआप जोडणारं यंत्र आलं आणि अप्पांना तक्रारीच्या खिडकीत बसवलं. तो राग त्यांनी निवृत्तीनंतरही जपून ठेवला होता. "यंत्राला नंबर कळतो. पलीकडं माणूस रडून राहिला का हसून राहिला, ते न्हाई कळत," हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मोजणं सोडलं. मी पावसाची आकडेवारी भरणाऱ्या कचेरीत आहे. मोजणं सहजासहजी सोडत नाही.

अशा माणसाला ग्रुपचा ॲडमिन कोणी केलं? आम्हीच. दुसरं कोणी रिकामं नव्हतं. आमच्या कॉलनीचा धंदा एकच, परगावची मुलं डॉक्टर होईपर्यंत त्यांना भाड्याने ठेवणं. भूकंपानंतर जे लातूर दगडी भिंतीआड झोपायला घाबरायचं, तेच आता चौथ्या मजल्यावर पत्र्याच्या खोल्या काढून मुखेड-माहूरची लेकरं त्यात झोपवतं. एका खोलीत तीन कॉट, भिंतीला वेळापत्रक आणि दाराला 'शांतता राखा'. ही शांतता राखून घ्यायला कोणीतरी हवंच होतं.

अप्पांनी ग्रुपचं एक्सचेंज करून टाकलं. प्रत्येक संदेशाच्या डोक्यावर त्याचा वर्ग लिहायचा: ऑर्डिनरी, अर्जंट किंवा लाइटनिंग. लाइटनिंग दोनच गोष्टींना, मयत आणि नळाला आलेलं पाणी. आमच्याकडे पाणी आठवड्याने येतं, तेव्हा हा नियम कोणालाच जाचक वाटला नाही. वादाला तीन मिनिटं, जुन्या ट्रंक कॉलइतकी. चौथ्या मिनिटाला अप्पा लिहीत, 'वेळ झाली, लाइन सोडा', आणि सगळा वाद पुसून टाकत. माझा तालुकानिहाय पावसाचा तक्ताही त्यांनी पुसला. कारण दिलं, 'वाचायला सहा मिनिटं लागली. डबल कॉल.' तक्ता चार मिनिटांचा होता. मी घड्याळ लावून वाचला होता.

आणि त्यांची भूकंपाची गोष्ट. त्यांनी चहाला बोलावलं की ती ऐकावीच लागे. त्या पहाटेनंतर ते तीन दिवस बोर्डावरून उठले नव्हते. सोलापूर-पुण्याहून लोक औशाकडच्या एकेका गावाचा नंबर मागायचे. गावात फोन एकच, तोही पाटलाकडे नाहीतर दुकानात. अप्पा दोरी लावायचे, घंटी वाजवायचे, आणि सांगायचे, 'पार्टी उत्तर देत नाही.' "असं किती जणांना सांगितलं, मोजलं न्हाई," ते म्हणायचे. न मोजलेली गोष्ट ऐकायला मला जड जातं. मी बिस्किट बुडवून वाट पाहत असे. त्यांची सकाळची 'टेस्टिंग' तिथून निघाली होती, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. म्हणून ती कमी त्रासाची झाली नाही.

खटका उडाला तो अफवेवरून. एका दुपारी ग्रुपवर आलं: 'आज संध्याकाळी सहाला मोठा भूकंप. शास्त्रज्ञांचा इशारा.' वर्ग लाइटनिंग. चार वाजता अख्खी कॉलनी मोकळ्या मैदानात. कोणी सातबारा आणला, कोणी गॅसची टाकी, एकीने लोणच्याची बरणी. क्लासची शंभरेक पोरं जीवशास्त्राची पुस्तकं घेऊन गवतात बसली. अप्पा तेवढे खुर्ची टाकून फोन लावत होते. "ही बातमी कोणत्या स्टेशनाहून आली? पार्टीचं नाव सांगा."

एकाला ती मुखेडच्या साडूकडून आली होती. साडूला नांदेडच्या भाचीकडून. भाचीला लातूरच्या मैत्रिणीकडून. ती मैत्रीण आमच्याच मैदानात चटईवर बसली होती, गुंडरे सरांची बायको. गुंडरे सर म्हणजे क्लासचे फिजिक्सचे मास्तर, चार मजल्यांचे मालक.

"वहिनी," अप्पांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अहो, ह्यांनीच. हे म्हणले, पोरं फार फिरायलीत, जरा भीती घाला."

सहा वाजले. जमीन हलली नाही. गुंडरे सर मात्र हलले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ठराव मांडला: ॲडमिन म्हणून माणूस नको, बॉट बसवू. "आपोआप चालतंय सगळं. पक्षपात न्हाई, आरडाओरडा न्हाई, सकाळी दारात कोण उभं राहणार न्हाई. जग कुठं चाललंय अन् आपण कुठं बसलाव?"

अप्पांचं पद जाणार की राहणार, याची चर्चा आठवडाभर चालली. अप्पांनी बचावात एकच ओळ लिहिली, 'ऑर्डिनरी. मला काढलं तरी चालंल, टेस्टिंग ठेवा.' मी महिन्याभराचा हिशेब मांडला: आलेले संदेश इतके, अप्पांनी पुसलेले इतके, उरलेल्यांत दहापैकी नऊ नुसते 'हॅलो'. आकडे बरोबर होते. गुंडरे सरांनी ते सगळीकडे फिरवले. अप्पांच्या बाजूने चार घरांची मतं पडली, विरोधात एकतीस. सात जणांनी उत्तरच दिलं नाही. माझं घर एकतिसांत होतं.

बॉट आला. पहाटे पाचला तो गुलाब पाठवी, सहाला हवामान, सातला सुविचार. कोणी काहीही लिहिलं की आभार मानी. नऊ नंबरच्या पवारांनी 'आज पहाटे आई वारली' असं टाकलं, त्याखाली लगेच, 'आपला संदेश मिळाला. आपला दिवस आनंदात जावो.' अफवा पुन्हा सुटल्या, भांडणं तासतासभर चालली, मेसवाल्यांच्या जाहिराती दिवसाला साठ झाल्या. बॉटच्या साप्ताहिक अहवालात मात्र 'समाज निरोगी, सहभाग उत्तम' असं हिरव्या रंगात येई. आम्ही त्याला अंगठे दाखवून पसंती देत होतो.

त्या अहवालात प्रत्येक घरापुढे 'सक्रिय' लिहिलेलं असे. यंत्राचा आकडा ताडून पाहायची मला सवय आहे. तसा पाहिला, तर नागनाथअप्पांच्या नावापुढेही 'सक्रिय' होतं, आणि त्यांचा एकही शब्द तीन दिवसांत आलेला नव्हता. बाहेरही कोणाला दिसले नव्हते. दूधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "पिशवी गेटला लावतो, कोण तर नेतंय."

चौथ्या दिवशी सकाळी मी गेलो. बेल वाजवायला हात वर केला, तर दार नुसतं लोटलेलं. अप्पा खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, दाढी करून.

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी हाय."

"मग तीन दिवस एक शब्द नाही ते?"

"मुद्दाम गप बसून राहिलो होतो. म्हटलं, बघू, कोण कधी येतं." ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "तुम्ही याल असं वाटलं न्हवतं. माझ्या बाजूच्या चार घरांपैकी कोणतरी येईल म्हटलं."

मी दाराबद्दल बोललो. क्लासमुळे कॉलनीत अनोळखी माणसं फार, तुम्ही एकटे, असं उघडं टाकू नका, आतून कडी लावत जा.

"कडी लावली अन् मला काही झालं, तर तुम्हा लोकांना दार तोडावं लागंल," अप्पा म्हणाले. "सागवानी हाय. लवकर तुटत न्हाई. कशाला कोणाला तरास?" मग उठून स्वयंपाकघराकडे जाता जाता, "ही गेल्यापासून लावलीच न्हाई. बसा, चहा टाकतो."

मी कडीकडे पाहिलं. तिच्यावर भिंतीच्या रंगाचा थर बसला होता. किती वर्षं झाली, ते मी विचारलं नाही.