आकडा खोडणार न्हाय

आमच्या खात्यातल्या बाबालालमामांच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर असायचा. चहा आला की ते आधी तो कपात बुडवायचे. "बासष्ट! आता प्या," असा हुकूम सुटल्याशिवाय आम्ही कप उचलत नसू. एकदा आमच्या मळ्यातल्या जेवणात त्यांनी तो तांबड्या रश्श्यात घातला आणि वाढणाऱ्याला सुनावलं, "पावणं, पंचेचाळीसच हाय. परत चुलीवर ठेवा की!"

कोल्हापुरातल्या एका कारखान्यात आम्ही तयार झालेली डिझेल इंजिनं चालवून तपासायचो. ऐंशी सालानंतर कधीतरी तिथं इलेक्ट्रॉनिक फ्लो मीटर आला आणि मामा त्याचे कारभारी झाले. कुणीही आलं की धरून समजावायचे. "नळीतनं डिझेल गेलं की आतलं बारकं चाक फिरतंय. फेरा झाला की ह्यो डबा मोजतोय. डिझेल तापलं की फुगतंय, म्हणून शेजारी उष्णता बघणारी ही काडी. फुगवटा वजा करून इंजिन खरं किती प्यालं ते सांगतोय. व्हय का न्हाय?" हे सांगताना छाती अशी पुढं यायची, जणू ते चाक तिथंच फिरतंय.

एका उन्हाळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा माल निघायचा होता. ट्रक दारात उभा. शेवटच्या इंजिनाचा आकडा जास्त आला. साहेब वैतागले.

"बाबालाल, ऊन बघा किती आहे! डिझेल फुगलंय. खोडा तो आकडा, आणि सही करा."

"ऊन त्यानं आधीच वजा केलंय, साहेब. आकडा खोडणार न्हाय. इंजिन खोला."

"आणि इंजिन चांगलं निघालं तर?"

"तर उद्यापासनं मी घरी."

आम्ही घाईनं बोल्ट सोडवले. इंजिन उघडलं. डिझेल फवारणारं नोझल ठिबकत होतं. साहेबांनी मामांच्या पाठीवर थाप मारली. आम्ही तर असे मिरवलो, जणू ते नोझल आम्हीच पकडलंय!

साहेबांनी पेढे मागवले, पण तोवर मामा घरी गेलेले. मी पुडा घेऊन त्यांच्याकडं गेलो. रशीदामामी खाटेवर होत्या. मूत्रपिंडाचं दुखणं; डॉक्टरांनी पाणी मोजून, थोडंच द्यायला सांगितलेलं. फळीवर सारख्याच दोन बाटल्या होत्या.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक माझी, एक ह्यांची," मामी म्हणाल्या. "दोन वरसं झाली, माझ्याएवढंच पितात. दिवसभर त्या इंजिनांच्या धगीत ऱ्हातात. म्हटलं, कारखान्यात तरी पोटभर प्या. तर बाटली घिऊनच जातात!"

मामा ओशाळले. "तिचा घसा सुकलेला, आन मी तांब्या तोंडाला लावू व्हय?"

मला मात्र त्यांनी तांब्या भरून दिला. मामींनी पेढा खाल्ला आणि पाण्यासाठी हात पुढं केला. मामांनी मामींच्या बाटलीतलं दोन घोट पाणी वाटीत ओतलं. मग आपल्या बाटलीतलं, तेवढंच, दुसऱ्या वाटीत.

दोघं एकदमच प्याले.